बंकरातली शेळी

"यो! यो! योऽऽ!"

सानिये तेता अंगणातून ओरडत होत्या. त्यांच्या आवाजाची ताकद काय सांगू, समोरच्या डोंगरावरचं उरलंसुरलं बर्फ तेवढ्यानं खाली घसरलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. 'यो' म्हणजे 'नाही'. अल्बानियन भाषेतले जे सातेक शब्द मला येत होते, त्यातला हा पहिला. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. पण तोवर माझा एक पाय त्यांच्या अंगणात होता आणि दुसरा कमरेइतक्या दगडी कुंपणावरून पलीकडं, शेजाऱ्याच्या रानात.

"आबा, मागं या!" माझी लेक मनू धावत आली. "त्या म्हणतायत तिकडं पाय टाकायचा नाही. चाळीस वर्षांत या घरातलं कुणी ते कुंपण ओलांडलेलं नाही!"

"अगं पण शेळी अडलीय!"

"कुठली शेळी?"

"तुला ऐकू येत नाय का? धनगराची पोर ना तू?"

पलीकडं पन्नासेक पावलांवर गवतात एक सिमेंटचा बंकर होता. कुत्र्याच्या छत्रीसारखा गोल, निम्मा जमिनीत रुतलेला. आवाज त्यातून येत होता. आता शेळीचं ओरडणं सगळ्यांना सारखंच वाटतं, पण ते तसं नसतं. भुकेली शेळी मागते. चुकलेली शेळी हाक मारते. अडलेली शेळी आधी जोर लावते, मग कण्हते आणि शेवटी आवाजच गिळून टाकते. ही आवाज गिळायच्या बेतात होती. फार तर अर्धा तास, मग शेळीही नाही आणि पोटातलं करडूही नाही.

मला थोडा वेळ असंच कुंपणावर राहू द्या. तिथवर कसा पोचलो ते सांगतो.

आधी माझ्याबद्दल

आमचं घराणं मेंढरामागचं, सोयगावकडलं. मी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. पट्टीबंधक म्हणजे डॉक्टर चष्मा पुसेपर्यंत ज्यानं हात आत घातलेला असतो तो माणूस. तीस-पस्तीस वर्षांत माझ्या हातून सोयगाव तालुक्यातल्या लाखभर शेळ्या मोकळ्या झाल्या. त्यातल्या निम्म्या बाजारात दिसलो की अजून रामराम घालतात. रिटायर झाल्यावर संभाजीनगरात, पुंडलिकनगरला घर बांधलं. आता खिडकीतून शेजाऱ्याची स्कूटर दिसते, आणि तिला कधी वेणा येत नाहीत.

मनू आणि जावई तीन वर्षं झाली अल्बानियात. जावई बोगद्याच्या कामावर इंजिनीअर. मनू घरून कॉम्प्युटरवर काम करते आणि तिथली भाषा अशी बोलते की भाजीवाली तिला भाव कमी करून देते. "आबा, या ना एकदा," म्हणून पोरीनं तिकीटच पाठवलं. मनूची माय गुडघ्यामुळं आली नाही. निघताना तिनं मला एकच बजावलं:

"तिथं लोकाच्या जनावरात हात घालू नका. परका मुलूख हाय."

"मी येडा हाय का?" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तिराना

अल्बानिया कुठं आहे हे मला निघायच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. ग्रीसच्या डोक्यावर, इटलीच्या समोर. कोणे एके काळी चाळीसेक वर्षं तिथं एकाच माणसाचं राज्य होतं. साम्यवादाच्या नावाखाली त्यानं सगळ्या जगाशी कट्टी केली. बाहेर जायचं नाही, देव मानायचा नाही, दाढी ठेवायची नाही. दाढीवाला परदेशी आला तर विमानतळावरच न्हावी बसवलेला! मनूनं हे सांगितलं तेव्हा माझा हात आपोआप मिशीवर गेला. चाळीस वर्षं आधी आलो असतो तर या मिशा जप्त होऊन सरकारी गोदामात पडल्या असत्या.

आणि सगळं जग आपल्यावर चाल करून येणार म्हणून त्या माणसानं देशभर बंकर बांधून ठेवले. रानात, शाळेमागं, समुद्राकाठी, स्मशानात. मी गाडीतून मोजायला लागलो आणि पाऊण तासात आकडे संपले म्हणून सोडून दिलं. चाल करून कुणीच आलं नाही. बंकर मात्र राहिले.

तिरानात एका मोठ्या बंकराचं संग्रहालय केलंय. मनूनं नेलं. आत थंडगार. भिंतीवर फोटो, चोरून ऐकायची यंत्रं, भिंतीत, झाडूच्या दांड्यात, कशाकशात लपवलेली. धरून नेलेल्या माणसांच्या नावांची यादी. आमच्यापुढं एक म्हातारी त्या यादीवरून बोट फिरवत होती. एका नावापाशी बोट थांबलं. तिनं पर्स उघडली, रुमाल काढला. मला वाटलं आता रडणार. तिनं रुमालानं त्या नावावरची धूळ पुसली, रुमाल घडी घालून परत ठेवला आणि निघून गेली. बाहेर येऊन आम्ही कॉफी मागवली.

"मने, इथले लोक याबद्दल बोलत्यात का?" मी विचारलं.

"संग्रहालयात बोलतात," मनू म्हणाली. "घरात नाही."

डोंगरावर

मनूच्या घरमालकाची आई डोंगरातल्या गावात राहते. 'दोन दिवस हवा खाऊन या' म्हणून घरमालकानंच फोन लावून दिला. रस्ता एवढ्या वळणांचा की मला तीनदा माझीच पाठ दिसली.

सानिये तेता दारातच उभ्या होत्या. तेता म्हणजे मावशी. मनू त्यांना तसं म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागलो, खरं तर वयानं त्या माझ्याच बरोबरीच्या. काळा रुमाल, हातात मक्याची भाकरी. तव्यावरची नाही, भट्टीतली, विटेएवढी जाड, पण वास थेट आमच्या चुलीचा. सोबत पांढरं चीज, कांद्याची पात आणि ताक. ताक पिऊन मी डोळे मिटले आणि क्षणभर सोयगावच्या बाजारात उभा राहिलो.

तिथं एक घोळ झाला. त्या वाढत होत्या, मी 'नको' म्हणून मान आडवी हलवत होतो. जुन्या अल्बानियन माणसांत मान आडवी हलवली की 'हो'. पाचव्या भाकरीला मनूनं मला सोडवलं, नाहीतर हे प्रवासवर्णन तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी लिहून सांगितलं असतं.

भाषेचं म्हणाल तर मी संभाजीनगरचा माणूस, उर्दू-दखनी कानावर घेऊनच वाढलेलो. इकडं तुर्कांचं राज्य होऊन गेलेलं. सानिये तेता खिशाला 'जेप' म्हणाल्या, दुकानाला 'दुक्यान', साखरेला 'शेकेर'. मी मनूला म्हणालो, "ही बाई तर आपल्या शहागंजातली निघाली!"

संध्याकाळी एक गोष्ट नजरेत भरली. गावाचा झरा शेजारच्या घराला लागून आहे. कुंपणातून सरळ गेलं तर तीस पावलं. सानिये तेता दोन बादल्या घेऊन निघाल्या त्या वरच्या अंगाला, अख्ख्या गावाला वळसा घालून, चढ-उतार करत, आणि पंधरा मिनिटांनी पाणी घेऊन आल्या. मी बघतच राहिलो. कुंपणाला फाटक नव्हतं. पूर्वी होतं, ते दगड रचून बुजवलेलं.

"शेजारी कोण राहतं?" मी विचारलं.

सानिये तेतांनी उत्तर म्हणून भाकरीचे तुकडे मोडले.

"आबा, विचारू नका," मनू हळूच म्हणाली. "त्याचं नाव रेजेप. एवढंच मला माहीत आहे, तेही घरमालकानं सांगितलं म्हणून."

आमच्याकडं दोन घरं बोलत नसली की साऱ्या गावाला ऐकू येतं. बांधावर उभं राहून सात पिढ्यांचा उद्धार चालतो. इथं नुसतं पाणी लांबून आणत होते.

कुंपणावर, पुन्हा

तर असा मी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मधोमध अडकलेला. मागं सानिये तेता ओरडतायत, पुढं शेळी गप्प व्हायला लागलेली.

आता तुम्ही म्हणाल, परक्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलास, तिचं मीठ खाल्लंस, तिचा शब्द मोडायचा का? बरोबर आहे. पण अडलेली शेळी ऐकून बसून राहणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. माझी आजी एकदा स्वतःच्या लग्नात बोहल्यावरून उठली होती. (ही गोष्ट घरात दर पिढीला वाढते, मी ती कमी करून सांगतोय.) मी दुसरा पाय उचलला.

बंकराच्या तोंडाशी एक वाकलेला म्हातारा गुडघ्यावर बसला होता. पंच्याहत्तरीचा तरी असेल. हाच रेजेप. मला बघून तो दचकला, मग माझ्यामागं कुंपण बघितलं आणि जास्त दचकला.

आत शेळी आडवी पडलेली, डोळे पांढरे. मी शेपटीकडं बघितलं. दोन पाय बाहेर आलेले, डोकं नाही. करडाची मान मागं वळलेली. असं असताना पाय ओढले की खेळ खलास.

"साबण!" मी हाताची खूण करत ओरडलो.

"सापून!" म्हातारा उठला आणि पळतच गेला. साबण आला, गरम पाणी आलं. तेलासाठी मी बोटं चोळून दाखवली, तर त्यानं ऑलिव्हच्या तेलाचा डबाच आणला. मनू तिरानात जे तेल थेंबाथेंबानं वापरते, ते मी कोपरापर्यंत ओतून घेतलं. पालथा झोपलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. बंकर बांधणाऱ्यानं अणुबॉम्बचा विचार केला होता, माझ्या पोटाचा नाही.

पाय हळूहळू आत ढकलले. शेळीनं जोर लावला की थांबायचं, तिनं सोडला की सरकायचं. डोकं हाताला लागेना. एकदा लागलं, निसटलं. माझा घाम डोळ्यात. मनातल्या मनात मनूच्या मायला म्हणालो, तू म्हणाली होतीस ते खरं, पण आता हात बाहेर काढता येत नाही. मग बोट करडाच्या जबड्यात अडकलं, मान वळली, नाक पुढं आलं, आणि पुढचा जोर शेळीचा आणि माझा एकदमच लागला.

करडू बाहेर पडलं. निळसर, निपचित. मागच्या पायांना धरून दोन झोके दिले, नाक पुसलं, काडी घेऊन नाकात फिरवली. काही नाही. परत फिरवली.

करडू शिंकलं.

सांगतो तुम्हाला, मनू जन्मली तेव्हासुद्धा मी एवढा मोठ्यानं ओरडलो नव्हतो. रेजेपनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. त्याच्या हातालाही तेल, माझ्या गालालाही तेल. पाठोपाठ दुसरं करडू आपलं आपणच आलं, वाट तयार असल्यासारखं. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या.

मनू तोवर कुंपण ओलांडून आली होती. रेजेप गवतानं करडं पुसत बसला आणि वर न बघता बोलायला लागला. मनू अडखळत मराठी करत गेली.

"ते म्हणतात, तुम्ही सानियेचे पाहुणे. म्हणजे तिनं सांगितलं असेलच, की हा बकऱ्या नेणारा माणूस."

"काय नाय सांगितलं," मी म्हणालो.

मग त्यानं सांगितलं. ऐंशीच्या आगेमागे हुकूम निघाला होता, घरात एक शेळीसुद्धा ठेवायची नाही, सगळी सामुदायिक शेतीच्या कळपात. रेजेप तेव्हा तिशीतला, त्या शेतीवरच्या मजुरांच्या टोळीचा मुकादम. घरोघर जाऊन दाव्यासकट शेळ्या सोडून नेणारा तोच. सानियेच्या आईनं एक दिली आणि एक लपवली. लष्कराच्या बंकरात, ह्याच बंकरात.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं," रेजेप म्हणाला. "शेळी आहे, ओरडणारच. मी ऐकलं नाही असं केलं. आणि पहाटे ओकच्या फांद्या तोडून तोंडाशी टाकायचो. पोट भरलेली शेळी कमी ओरडते. पण बंकर तपासायला वरचा साहेब आला, त्या दिवशी ती ओरडली. सानियेच्या बापाला नेलं तेव्हा मी शेजारी वही धरून उभा होतो."

"मग हे तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?" मनूनं विचारलं.

म्हाताऱ्यानं करडू उलटं करून दुसरी कूस पुसली.

"राज्य पडलं आणि जो तो सांगत सुटला, आम्ही आतून तुमच्याच बाजूचे होतो. तेवढी सगळी माणसं आतून लोकांच्या बाजूची होती, तर हुकूम बजावत कोण होतं? त्या गर्दीत मी कशाला उभा राहू? वही माझ्याच हातात होती."

कुंपणाच्या अलीकडं

परत येताना मी कुंपणावरून आलो नाही. झऱ्याकडनं, अख्ख्या गावाला वळसा घालून आलो. तेवढी लाज मला आहे.

सानिये तेता ओट्यावर बसल्या होत्या. दुपारी ताटं मांडली, पण माझं ताट जरा आपटलं. मला वाटलं बॅग भरायला घ्यावी. मनूचं घर भाड्याचं, त्यात ही घरमालकाची आई. मी पोरीच्या डोक्यावरचं छप्पर एका शेळीपायी घालवलं की काय!

तेवढ्यात मनूनं खिडकीकडं बोट केलं. कुंपणाच्या दगडावर एक छोटी किटली ठेवलेली. रेजेप पाठमोरा निघालेला.

"चीक असंल," मी म्हणालो. करडांचं पोट भरून उरलेला. आमच्याकडं जनावर व्यालं की शेजारी चीक देतातच, मग खरवस. मनूनं हे सांगितल्यावर सानिये तेतांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आम्हीही भाजतो," त्या म्हणाल्या. "भट्टीत. माझी आई करायची."

आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं. सगळं तेच, दुसऱ्या बाजूनं. धाकटा भाऊ तान्हा होता, अंगावरचं दूध आटलेलं, म्हणून आईनं शेळी लपवली. वडलांना तुरुंग, बाकीच्यांना खालच्या दलदलीच्या गावात हाकललेलं, राज्य पडेपर्यंत. भाऊ जगला. आता ग्रीसमध्ये ट्रक चालवतो आणि दार मोठं केल्याशिवाय घरात मावत नाही. पण लपवलेल्या शेळीचं वर सांगितलं कुणी? रेजेपशिवाय कोण सांगणार?

"आईचं मात्र वेगळंच," त्या म्हणाल्या. "ती म्हणायची, रोज पहाटे बंकराच्या तोंडाशी पाल्याचा भारा असायचा. तिनं ठेवलेला नाही, आम्ही ठेवलेला नाही. देवाचं नाव काढायची बंदी, पण ती दार लावून म्हणायची, डोंगरावरचा बाबा ठेवून जातो."

मनूनं माझ्याकडं बघितलं, मी मनूकडं. आमच्या सोयगावातही निजामाच्या वेळी लेव्हीचे लोक धान्य उचलायला यायचे, आजोबा पेवात ज्वारी दडवायचे. कुणी दाखवलं आणि कुणी डोळे मिटले याचे वाद आमचे म्हातारे मरेपर्यंत घालत होते, पण खरं सांगायला कुणी आलं नाही. मला आयुष्यात कुठली गोष्ट पोटात ठेवता आलेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ठेवावी का? इतकी वर्षं एका बाईनं ज्या रागावर पाणी वाहिलं, तो काढून घेतला तर ती उभी कशावर राहील?

"सांग तिला," मी मनूला म्हणालो. "ओकचा पाला. पहाटे. सगळं सांग. वहीचंही सांग, गाळू नको."

मनूनं सांगितलं. सानिये तेता ऐकत होत्या. मग त्या उठल्या, कुंपणापाशी गेल्या, किटली उचलली, आत आणली, भट्टी पेटवली. मी जो श्वास सोडला त्यानं भट्टीची धग वाढली असणार. संध्याकाळी ताटात खरवस आला. वेलची नाही, गूळ नाही, वरून नुसतं मीठ. मी तीन वेळा घेतला, आणि त्या वेळी मान बरोबर हलवली.

सकाळी आम्ही निघालो. सानिये तेतांनी किटली घासली होती. फडक्यात बांधलेला मक्याच्या भाकरीचा तुकडा तिच्यात बसवला, ती कुंपणाच्या दगडावर ठेवली आणि हाक न मारता परत आल्या. पलीकडं रेजेप बंकरापाशी उभा होता. तो जागचा हलला नाही.

मला राहवलं नाही. मी मनूला म्हणालो, "विचार, आता पटलं का, पाला तोच ठेवायचा म्हणून?"

मनूनं विचारलं. सानिये तेतांनी हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"पाला ओलाच ठेवायचा तो," त्या म्हणाल्या. "शेळीचं पोट फुगायचं."